खडूची फेरी

काही घरांत एखादा माणूस असा असतो, की त्याच्यासमोर साधा पडदा लावायचीही भीती वाटते. तुमच्याकडे नसेल तर तुम्ही नशीबवान! या घरात होता. बायकोनं दुखऱ्या गुडघ्यानिशी खुर्चीवर चढून खिडकीला नवा पडदा लावला, धापा टाकत खाली उतरली आणि मोठ्या आशेनं नवऱ्याकडे पाहिलं. तर हा गृहस्थ चहाचा कप हातात धरून, एक डोळा बारीक करून बघतोय.

"डावीकडे पाव इंच खाली आलाय."

"अहो, छान दिसतोय एवढं म्हणायला तोंड दुखतं का तुमचं?"

"छान असता तर म्हटलं असतं."

त्याला सगळे गुण्या म्हणायचे. गुण्या म्हणजे सुतार काटकोन तपासतात ते हत्यार. कारखान्यात तीस वर्षं मालाची तपासणी करून हा निवृत्त झाला, पण खोट शोधायची खोड काही निवृत्त झाली नाही. लोक आपल्याला या नावानं हाक मारतात याचा त्याला राग सोडाच, अभिमान होता.

निवृत्तीनंतर त्यानं लाकूडकाम मंडळ काढलं. एका बंद गोदामात दर रविवारी सकाळी बारा-तेरा जण जमायचे. एक शिंपी होता, एक बसचा ड्रायव्हर होता, दवाखान्यातून निवृत्त झालेली एक सिस्टर होती. एकत्र मिळून शाळेला फळ्या, वाचनालयाला कपाटं असं काहीबाही करून द्यायचे. काम चांगलं होतं, यात वाद नाही. पण त्या मंडळात गुण्यानं एक रीत पाडली होती, खडूची फेरी.

ज्याची वस्तू तयार होईल त्यानं ती मधल्या टेबलावर ठेवायची आणि बाजूला उभं राहायचं. बाकीच्यांनी हातात लाल खडू घेऊन टेबलाभोवती फिरायचं, जिथे खोट दिसेल तिथे खूण करायची. फेरी चालू असेपर्यंत बनवणाऱ्यानं एक शब्दही बोलायचा नाही. दहापेक्षा जास्त खुणा झाल्या, की त्यानं स्वतःच्या हातानं ती वस्तू करवतीनं कापायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. गुण्या याला हसतखेळत शिक्षण म्हणायचा. हसायचे कोण आणि खेळ कुणाचा व्हायचा, हे काही तो सांगत नसे.

एके दिवशी बायको म्हणाली, "दादाला न्या ना तुमच्या मंडळात. वहिनी गेल्यापासून घरात एकटाच असतो हो. दिवसदिवस कुणाशी बोलत नाही."

"येऊ दे. पण माझा मेहुणा म्हणून सवलत मिळणार नाही."

"सवलत नको. जरा सांभाळून घ्या म्हणजे झालं."

तिचा हा दादा कोर्टातला निवृत्त टायपिस्ट होता. सडपातळ, मऊ बोलणारा, आणि अलीकडे हाताला जरासा कंप. दोन महिने खपून त्यानं एक स्टूल बनवलं. बहिणीला ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही, तिला बसून काम करता यावं म्हणून. स्टूल टेबलावर ठेवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलासारखं हसू होतं.

सतरा खुणा झाल्या!

"हे बसायला आहे की घसरायला?" शिंपी म्हणाला.

"टायपिंगमध्ये खाडाखोड चालते, मेहुणेबुवा," गुण्या म्हणाला, "लाकूड काही तुमच्यासाठी दुसरा कागद लावून देत नाही." सगळे खो खो हसले.

"मी हे धाकटीसाठी..." टायपिस्ट पुटपुटला.

"बनवणाऱ्यानं बोलायचं नाही!"

मग त्याच्या हातात करवत दिली. करवत खाचेतून तीनदा निसटली आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. चौथ्यांदा अंगठ्याला लागलं, तरी कुणी "राहू द्या" म्हटलं नाही. हसून हसून गुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर तेवढी टाळ्या न वाजवता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण बोलली तीही नाही.

घरी बायकोनं विचारलं, "काय बनवलं दादानं?"

"सरपण!" गुण्या म्हणाला, आणि जेवताना त्यानं सगळा किस्सा रंगवून सांगितला. ती ताट अर्धं टाकून उठली. हिला विनोदच कळत नाही, असं त्याला वाटलं.

पुढे मंडळानं मोठं काम अंगावर घेतलं. दवाखान्याच्या हॉलसाठी बारा बाक, प्रत्येकानं एकेक करायचा. तीन महिने गोदामात ठोकाठोक चालली. टायपिस्ट सगळ्यांच्या आधी यायचा आणि कोपऱ्यात पाठ करून काम करायचा. त्याच्या बाकाची फेरी झाली तेव्हा सगळे खडू सरसावून तुटून पडले. फिरले, वाकले, बोटं फिरवली. गुण्यानं चारी पायांना हत्यार लावून पाहिलं.

"अरे! एकही खूण नाही?"

टायपिस्टनं शाळेत करतात तसा हात वर केला. "भावोजी, एक सांगायचं होतं. तो मागचा पाय..."

"बनवणाऱ्यानं बोलायचं नाही!" सगळे एका सुरात ओरडले आणि हसले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. या वेळच्या टाळ्या खऱ्या होत्या. टायपिस्टच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. आनंदानं घाम फुटलाय बिचाऱ्याला, असं म्हणत गुण्यानं त्याची पाठ थोपटली.

बाक दवाखान्यात गेले. तीन दिवसांनी टायपिस्ट गुण्याच्या दारात उभा.

"या! सत्कार करून घ्यायला आलात का?"

"नाही भावोजी. त्या बाकाचा एक पाय पुन्हा बघायचा होता. तिथला क्लार्क हात लावू देत नाही. मंडळाची चिठ्ठी आणा म्हणतो."

"का? काय झालंय पायाला?"

"काही नाही. असंच, पॉलिश जरा..."

गुण्यानं डोळा बारीक केला. "खोट असेल तर सरळ सांगा. रविवारी बाक परत आणू, टेबलावर ठेवू, सगळ्यांसमोर फेरी करू. करवत धार लावून तयार आहे!" आणि आपल्याच बोलण्यावर तो हसला.

टायपिस्टनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "नाही, नाही. काही नाही," म्हणाला आणि जिना उतरून गेला. बायको चहा घेऊन बाहेर आली, तर दादा नव्हता.

दोन आठवड्यांनी ड्रायव्हरनं मंडळात बातमी आणली. "तुमचे मेहुणे रोज दवाखान्यात जाऊन आपल्याच बाकावर बसतात! सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत, एकाच टोकाला. कुणी सरका म्हटलं तरी सरकत नाहीत."

"स्वतःच्याच बाकाच्या प्रेमात पडलाय!" गुण्या म्हणाला. काय हसले सगळे!

त्यानंतरच्या मंगळवारी गुण्याला दवाखान्यातून फोन आला. बायको गुडघा दाखवायला गेली होती आणि पडली होती. तो धावत पोचला तेव्हा तिला आत नेलं होतं. कमरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. तिचं ओरडणं बंद दारातूनही ऐकू येत होतं. हॉलमध्ये बाक तिरका होऊन पडला होता आणि भिंतीला टेकून टायपिस्ट उभा होता. त्याचा सदरा भिजलेला, हातात रिकामा पेला.

गुण्यानं तुटलेला पाय उचलला. तीस वर्षांचा तपासनीस तो, त्याला एका नजरेत कळलं. चीर जुनी होती. खाचेत ठोकताना पाय आतून उभा फाटला होता. त्यात सरस आणि भुसा कालवून केलेली लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली होती, पॉलिशपेपरनं घासून वर पॉलिश केलं होतं.

"तुला माहीत होतं!" तो किंचाळला. आयुष्यात पहिल्यांदा तो मेहुण्याला अरेतुरे करत होता. टायपिस्टनं मान खाली घातली.

रविवारी गुण्यानं तो पाय मधल्या टेबलावर आपटला. टायपिस्टला बोलावून घेतलं होतं. तो नेहमीच्या जागी, बनवणाऱ्याच्या जागी, जाऊन उभा राहिला.

"माझी बायको तिकडे तडफडतेय या माणसामुळे. घ्या खडू! लावा खुणा!"

कुणीही हललं नाही. मग सिस्टर पुढे झाली. तिनं खडूचा डबा उचलला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"आधी माझं ऐका," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात एका नव्या मुलीच्या हातून चुकीचं औषध दिलं गेलं. लगेच बोलली असती तर पाच मिनिटांत उपाय होता. पण आमच्या मोठ्या बाई चूक करणाऱ्याला सगळ्या वॉर्डासमोर उभं करून सोलून काढायच्या. ती पोरगी त्या भीतीनं दोन तास गप्प राहिली. दोन तास! पेशंट गेला. बाई म्हणाल्या, मुलगी निष्काळजी. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा." तिनं टायपिस्टकडे पाहिलं. "ते स्टूल कापलं त्या दिवशीही मी गप्पच होते. आता नाही राहणार. माझ्या बाकाचे दोन स्क्रू नुसतेच फिरतात, धरत नाहीत. मी वरून लांबी भरली. अजून कुणी भरली आहे?"

मग शिंप्याचा हात वर गेला. "माझ्या फळीतली गाठ निखळली होती." ड्रायव्हर म्हणाला, "माझाही एक पाय हलतो." आणखी दोन हात वर झाले.

आणखी पाच बाक! गुण्याला दरदरून घाम फुटला. "आणि मला एकानंही सांगितलं नाही?"

"सांगणार कसं?" सिस्टर कडाडली. "बनवणाऱ्यानं बोलायचं नाही, हा नियम कुणाचा? तुम्हाला खोट शोधायची नव्हती हो, तुम्हाला माणूस उभा करून हसायचं होतं. त्या हसण्याला घाबरून आम्ही चिरा बुजवायला शिकलो, आणि इतक्या छान शिकलो की तुम्हालाही सापडल्या नाहीत!"

तेव्हा टायपिस्ट बोलला. आवाज इतका बारीक होता की सगळे पुढे वाकले.

"मी लपवलं. गुन्हा माझाच आहे, भावोजी. फेरीत सांगायला गेलो, जमलं नाही. तुमच्या घरी आलो, जमलं नाही. मग त्या टोकाला दुसरं कुणी बसू नये म्हणून रोज मीच जाऊन बसायचो. माझं वजन कमी, पाय मला पेलायचा. त्या दिवशी पाणी प्यायला उठलो. वळलो तर धाकटी तिथे बसत होती. शेजारच्या बाईला सांगत होती, हा बाक माझ्या दादानं केलाय म्हणून. मी ओरडलो. तिला वाटलं हाक मारतोय. हसून माझ्याकडे वळली आणि..."

गुण्यानं टेबलावरचा तो तुटका पाय हातात घेतला. आपण दारात हसून परत पाठवला तो माणूस आपल्याच बायकोचं हाड वाचवायला आला होता! अरेरे, एवढी नजर, एवढी तपासणी, आणि समोर उभ्या माणसाच्या तोंडावरची भीती आपल्याला दिसली नाही!

"चुकलो मी," तो म्हणाला. त्यानं टायपिस्टसमोर हात जोडले. "दादा, चुकलो."

त्याच दिवशी सगळे दवाखान्यात गेले. बारा बाक उलटे केले आणि ज्यानंत्यानं आपली खोट आपल्या तोंडानं सांगितली. मोडलेला धरून सहा बाक बाहेर काढून नव्यानं केले. गुण्याचा बाक मात्र अगदी बिनचूक निघाला. त्याचं त्याला काहीच कौतुक वाटलं नाही.

मंडळात आता फेरी होत नाही. वस्तू टेबलावर येते आणि बनवणारा स्वतः सांगतो, इथे माझं बिघडलंय, काय करू? मग सगळे मिळून दुरुस्त करतात. गुण्या फार कमी बोलतो. बायको काठी घेऊन चालते. ही काठी आता सुटणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. टायपिस्ट बहिणीकडे येतो, भावोजींशी नीट बोलतो, मनात काही ठेवलेलं नाही म्हणतो. पण मंडळात तो परत आला नाही. गुण्या तीनदा बोलवायला गेला. तिसऱ्यांदा टायपिस्ट दारातच म्हणाला, "तुम्ही आता हसणार नाही, माहीत आहे मला. पण हातात करवत घेतली की मला टाळ्या ऐकू येतात."

मंडळी, चूक कुणाच्याही हातून होते. तिच्यावर हसलात तर ती कमी होत नाही, ती लपते, आणि लपलेल्या चुकीवर एक दिवस कुणीतरी विश्वासानं जाऊन बसतं. तुमच्या कचेरीत, तुमच्या वर्गात, तुमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी काही सांगायला तोंड उघडून पुन्हा मिटत असेल. त्याच्याकडे आज जा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.