बोयाला राहिलेली गाठ

धाकटी माहेरच्या दारात पोचली, तेव्हा वहिनी आतूनच म्हणाली, "या, हवामानखातं आलं! छत्री आणलीत का वन्सं, की आजही कोरडंच आहे म्हणताय?"

धाकटीने चपला काढल्या. पिशवी मात्र खांद्यावरून उतरवली नाही. पिशवीत एक लोखंडी कडी होती आणि त्या कडीला गाठ मारलेला हातभर दोर. ही गाठ कुणी मारली, ते बंदरावर शोधून सोमवारी साहेबांना सांगायचं होतं. "तुमचीच माणसं आहेत, तुम्हाला सांगतील," असं म्हणून साहेबांनी तिला धाडलं होतं. आपलीच माणसं आपल्याला काय काय सांगतात, हे बिचाऱ्या साहेबांना कुठून कळणार!

शोधायचं काही नव्हतंच म्हणा. शंखशिंपल्यांचा थर खरवडल्यावर गाठ उघडी पडली, त्याच क्षणी तिने ती ओळखली होती.

घरात भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ अजून तशीच होती. रेघेच्या वर रंग शाबूत, खाली सगळं तपकिरी. घर मातकट परकर नेसून उभं असल्यासारखं दिसायचं. थोरला जेवत होता. त्याने मान वर केली नाही. ताटात उकडलेले बटाटे. ज्या घरातल्या मासळीच्या वासावर गल्लीतल्या मांजरांच्या पिढ्या पोसल्या, त्या घरात बटाटे.

"बस," आई म्हणाली.

"बसेल की," थोरला म्हणाला. "बसून सांगायचाच पगार आहे तिला. पाणी गार राहणार म्हणे! मी वेडा. घरातलं माणूस त्या खात्यात आहे म्हणून विश्वास टाकला आणि जाळी नाल्याकाठच्या शेडमध्ये ठेवली. विचार तुझ्या साहेबाला, माझी जाळी आता कुठल्या देशात पोचली ते."

हे ती वर्षभर ऐकत होती. फोनवर, दारात, बारशाला, मयताला. उत्तर तिला येत होतं, पण उत्तर लांबलचक होतं आणि या घरात बहिणीला एवढं बोलू देण्याची पद्धत नव्हती.

उत्तर असं होतं. भर समुद्रात, जिथून किनारा नुसता आठवायचा, तिथे नांगराला बांधलेले पिवळे बोये तरंगतात. बोयाखाली लांब तार सोडलेली असते आणि तारेवर ठिकठिकाणी तापमान मोजणारी उपकरणं. एरवी वारा वरचं गरम पाणी समुद्राच्या पलीकडच्या काठाकडे लोटून धरतो. या काठाला मग खालचं गार पाणी वर येतं आणि त्याच्याबरोबर मासे. वारा ढिला पडला की ते लोटून धरलेलं गरम पाणी परत निघतं, पाण्याखालून, कुणाला न दिसता. ते इकडे पोचलं की मासे खोल जातात नाहीतर गावच सोडतात. वर्षानुवर्षं कोरडे पडलेले नाले घरात शिरतात. आणि पलीकडे, ज्यांचा पाऊस इकडे येऊन पडला, त्यांची रानं वाळून पेटतात. एल निनो म्हणतात त्याला. समुद्र झोपेत कूस बदलतो आणि सगळ्या जगाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं जातं. कुणी उघडं पडतं, कुणी गुदमरतं.

गेल्या वर्षी समुद्राने कूस बदलली, तेव्हा या बाजूचा बोया मुका झाला होता. बाकीच्यांवरून अंदाज बांधून खात्याने सांगितलं, पाणी गारच राहील. आणि नाला आला. जाळी गेली, जादाचं इंजिन गेलं, आई माळ्यावर अडकली.

धाकटीने पिशवीतून कडी काढली आणि ताटांच्या मधोमध ठेवली. कुजक्या शेवाळाचा वास पसरला.

"अगंबाई, भेटवस्तू!" वहिनी म्हणाली. "मासा आणायचात निदान."

"मुक्या झालेल्या बोयाची कडी आहे ही," धाकटी म्हणाली. "कुणीतरी त्याला बोट बांधली होती. बोट हिसके देत राहिली आणि खालची तार तुटली."

बोयाला बोट बांधायची नाही, हा नियम बंदरावर सगळ्यांना पाठ होता. बोयाच्या सावलीत मासे जमतात, हेही पाठ होतं. बांधताना सापडला त्याचा परवाना जायचा.

थोरल्याने सावकाश बटाटा सोलला. "दोर काय एकट्याकडेच असतो? बांधला असेल कुणीही."

"दोर कुणाचाही असेल, दादा. गाठ नाही."

"आली मोठी गाठीवरून माणसं ओळखणारी! लहानपणी तुला याच गाठीने खांबाला बांधून खेळायला गेलो होतो. बोंबलत बसली होतीस दिवसभर. स्वतःला सोडवता आलं नव्हतं."

बोलून झाल्यावर तो थबकला. 'याच' हा शब्द बटाट्याच्या सालासारखा ताटात पडून राहिला होता. त्याने पाण्याचा पेला उचलला.

आईने कडी स्वतःकडे ओढली. तिला आता दिसायचं कमी, पण बोटं शाबूत होती. तिने गाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. तिचा नवरा डावखुरा होता, उलट्या हाताने दोर फिरवायचा. ओढाल तितकी घट्ट होणारी त्याची गाठ फक्त या दोघा मुलांना शिकवून तो गेला होता. खात्याच्या बोये दुरुस्त करायच्या कारखान्यात ती गाठ बोयावरून काढताना साहेबांनी स्क्रू-ड्रायव्हर घालून पाहिला, वेल्डरने पक्कड लावली. शेवटी लोकांनी कडीच कापून काढली. गाठीच्या पोटात दोराचं एक शेपूट लपवलेलं असतं. ते सापडलं की संपलं. धाकटीला ते माहीत होतं, पण कारखान्यात तिने हात लावला नव्हता.

आई नखांनी गाठ उकलू पाहत होती. सुटेना. ती हट्टाला पेटली, दात ओठावर रोवून ओढू लागली.

"दे इकडे, नखं मोडून घेशील," थोरला वैतागून म्हणाला. त्याने कडी घेतली, गाठीत करंगळी घातली आणि एक हिसका दिला. दोर सुटा झाला. कडी ताटात आदळली, बटाटे उडाले.

धाकटीकडे पाहून तो हसला. "घे. आता नुसता दोर आहे. जा, दाखव साहेबाला. कुणाची गाठ ते ओळखायला सांग."

हसता हसता त्याचं लक्ष आईकडे गेलं. आई त्याच्या करंगळीकडे बघत होती.

"पाणी आलं, तेव्हा मी माळ्यावर बसून समुद्राला शिव्या घालत होते," आई म्हणाली. "सगळ्या वाया गेल्या."

"आई, खाली मासेच मासे होते. कुणीही बांधलं असतं." त्याचा आवाज चढला. "लाट अशी उसळली, की सोडायला माणूस उतरवता येईना. कुऱ्हाडीने तोडला दोर. तार तुटली, ते मला काय माहीत? तिच्या खात्याने लोखंडाची तार करावी!"

"आणि वर्षभर मला बोलत राहिलास," धाकटी म्हणाली.

"तू बहीण म्हणून आलीयस, की खातं म्हणून?"

"बहीण म्हणून सांगते. उद्या सोमवारी सकाळी कारखान्यावर ये आणि साहेबांना स्वतः सांग. स्वतःहून सांगणाऱ्याला एखादा हंगाम बसवून ठेवतात. मला सांगावं लागलं तर परवाना कायमचा जाईल."

"आणि कुणीच सांगितलं नाही तर?"

"तर नवा बोया टाकतील, तू त्यालाही बांधशील. आणि पुन्हा मलाच विचारशील, पाणी का नाही कळलं."

"चालती हो."

"जेवून जाईल ती," आई म्हणाली. "भांडायचं ते पोटभर जेवून भांडा."

मग धाकटी थोरल्याशेजारीच बसली आणि बटाटे जेवली. मीठ त्याच्या हाताशी होतं. तिने मागितलं नाही, त्याने सरकवलं नाही.

सोमवारी कारखान्याच्या अंगणात नवा बोया क्रेनला लटकत होता. त्याचा पिवळा रंग अजून ओला होता. धाकटी फाटकाजवळ रेंगाळली. पहारेकरी आला, वेल्डर आला, जहाजाचा कप्तान आला. बंदराच्या रस्त्याने पुढे कुणी आलं नाही. भोंगा झाला, तशी ती आत गेली आणि कडी व दोर साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, सुटली? आम्ही एवढी झटापट केली, तिला दाद नाही! कुणी सोडवली?"

"माझ्या भावाने," धाकटी म्हणाली. "एका हिसक्यात."

"वा!" म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं. ते बराच वेळ तसंच उघडं राहिलं.