मागची डावी सीट

तिने नळी मागच्या डाव्या काचेवर धरली, तसा मिस्त्री गाडीच्या आतून म्हणाला, "अजून थोडी वर, मावशी. आणि हात हलवू नका."

तिने हात हलवला नाही. पाणी काचेवरून दारावर, दारावरून चाकावर उतरत अंगणातल्या फरशीवर पसरलं आणि तिच्या सपातांत शिरलं. तिला ते गार लागलं की नाही, कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चार महिन्यांपूर्वी नवरा गेला, तेव्हा भेटायला येणारे सगळे म्हणून गेले की बाई खंबीर आहे. खंबीर कसली? मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तशी ती होती. आणि ते काही चार महिन्यांतलं नव्हतं.

गाडी दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. स्पोर्ट्स कार. आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या, पेन्सिलसुद्धा बोटभर उरेपर्यंत वापरणाऱ्या माणसाने केलेली ती एकुलती एक चैन. लोक वळून बघायचे. मागे दोन सीटा होत्या, पण नावालाच. मिस्त्री त्या बघून म्हणाला होता, "ह्या माणसांसाठी नाहीत हो. दप्तरांसाठी आहेत." तिच्या दोन मुलींना मात्र त्या पुरायच्या. उजवीकडे थोरली, डावीकडे धाकटी. जागेवरून भांडणं व्हायची, म्हणून नवऱ्यानेच वाटणी करून दिली होती.

आता थोरलीने गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं. डॉक्टर होता, शनिवारी येणार होता. त्याला दोन लहान मुलं, त्यामुळे त्याच्या अटीही दोनच: मागच्या सीटा बसवलेल्या हव्यात आणि आत पाण्याचा थेंब येता कामा नये. गाडी गेली की घराला कुलूप लावायचं आणि आईने आपल्याकडे राहायला यायचं, असं थोरलीने फोनवर ठरवूनही टाकलं होतं. आईने बरं म्हटलं होतं. हल्ली ती सगळ्याला बरं म्हणायची.

मिस्त्रीने तीन दिवसांत बरंच उरकलं होतं. पुढच्या काचेखालच्या पन्हळीत पाचोळा कुजून पाणी तुंबत होतं, तो त्याने काढला. उजव्या काचेचं रबर बदललं. माळ्यावरून दोन्ही सीटा उतरवून धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि उजवी बसवलीसुद्धा. माळ्यावर त्या जाड गोधडीत गुंडाळलेल्या होत्या, आत डांबराच्या गोळ्या. गोळ्या अजून विरल्या नव्हत्या, त्याचं मिस्त्रीला नवल वाटलं. साहेब दर वर्षी बदलत असणार, तो म्हणाला.

धाकटी सहा वर्षांची असताना तापाने गेली. आठ दिवसांचा ताप. पुरता महिनाही उलटला नव्हता आणि नवऱ्याने एका दुपारी पाना घेऊन मागच्या दोन्ही सीटा उपटल्या. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तो आत आला तेव्हा तिने विचारलं होतं, "जागा काढून टाकलीत, म्हणजे झालं का सगळं?"

हात धुता धुता तो म्हणाला होता, "ओल धरते."

एवढंच. पोरीच्या जागेबद्दल त्याला सांगण्यासारखं एवढंच होतं. त्या दिवसापासून तिने त्या गाडीत पाऊल ठेवलं नाही. लग्नकार्य असो की दवाखाना, ती बसने जायची आणि तो एकटा गाडीने पुढे जाऊन स्टॉपवर वाट बघत उभा राहायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय गंमत आहे ह्या नवराबायकोची. अडतीस वर्षं ही गंमत चालली. दोघंही एकमेकांना उलट शब्द बोलले नाहीत, आणि सुलटही फारसे बोलले नाहीत.

"बंद करा नळी," मिस्त्री म्हणाला. तो पुढची सीट दुमडून, कण्हत बाहेर आला. खांदा भिजला होता. "सापडलं. पण साहेबांचं डोकं काही कळत नाही बुवा."

त्याने तिला वाकून बघायला लावलं. त्या काचेचं रबर वाळून चिरलं होतं. गाडी घरी आली तेव्हाचंच असावं. त्याच्या कडेने आतून फटी बुजवायचं सीलंट भरलेलं होतं, एकावर एक, कुठे पिवळं पडलेलं, कुठे राखाडी, कुठे अजून मऊ. निदान दहा-बारा पावसाळ्यांचं काम, मिस्त्री म्हणाला. आतून कितीही भरलं तरी पाणी थांबत नाही, हे पोरंटोरंही सांगतील. रबर बदललं की तासाभराचा मामला. आणि साहेबांनी रबर आणलंही होतं. सीटांच्या गोधडीतच निघालं, पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. आता ते काडीसारखं तुटतंय.

"सीट नाही, माणूस बसत नाही, तिथं इतका खटाटोप कशाला? आणि भरलंय तेही बघा कसं. ह्या कागदांना कुठंही लागू दिलेलं नाही."

कागद म्हणजे चांदण्या होत्या. वर्गात वहीवर लावतात तसल्या, चंदेरी, आता कळकट झालेल्या. सात होत्या. काचेच्या खालच्या कोपऱ्यातून एक ओळ निघाली होती आणि लहान मुलाच्या हाताला सरळ रेघ कुठली, ती वाकडी होत होत रबरावर उतरली होती. शेवटच्या तीन रबरावरच होत्या. बाहेरून त्यांची पांढरी पाठ तिने कितीदा पाहिली होती. पक्ष्यांची घाण असेल, असं वाटायचं.

सीलंट प्रत्येक चांदणीच्या कोनाकोनाने फिरलं होतं. तो हात तिच्या ओळखीचा होता. नकाशातली नदी तो अशीच काढायचा.

"नवीन रबर आणलंय मी," मिस्त्री म्हणाला. "जुनं खेचलं की हे कागद जाणार, पण त्याला इलाज नाही. करू सुरुवात?"

"आधी सीट बसवा."

"ओल्यावर?"

"बसवा."

मिस्त्रीने मान हलवली, पण सीट उचलली. बोल्ट कागदाच्या दोन पुड्यांत होते. उजव्या सीटची पुडी त्याने काल फोडून फेकून दिली होती. ही दुसरी त्याने फोडली आणि कागद तिच्या हातात दिला. नकाशाच्या कागदाचा तुकडा, त्यावर सुबक, उभ्या अक्षरात एकच शब्द होता. धाकटी.

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

चार बोल्ट आवळून मिस्त्री बाहेर आला, तशी तिने नळी त्याच्या हातात दिली. सपाता काढून ठेवल्या. मग एक हात दाराला आणि एक हात दुमडलेल्या सीटला धरून, गुडघे कुरकुरत असताना, ती मागे शिरली.

"मावशी, अहो काय करताय? अडकाल तिथं."

सीट खरंच दप्तरापुरती होती. तिला आडवं बसावं लागलं, डोकं छताला टेकलं. पण तिथून अंगण दिसत होतं, फाटक दिसत होतं, आणि पुढच्या दोन सीटांच्या फटीतून गाडी चालवणाऱ्याचा डावा हात दिसला असता.

"सोडा पाणी," ती म्हणाली.

काच पाण्याने भरून गेली. थोडा वेळ काही झालं नाही. मग तिसऱ्या चांदणीपाशी एक थेंब जमला, रबरावरून घरंगळला आणि तिच्या दंडावर पडला. गार होता. तिने दचकून श्वास घेतला आणि हात तसाच ठेवला. त्यामागून दुसरा आला.

"येतंय का?" मिस्त्रीने बाहेरून विचारलं.

"येतंय."

"मग काढू ना रबर?"

त्याने नळी खाली केली आणि दारातून आत डोकावला.

"नको. तुमचं रबर दुकानात परत देऊन टाका," ती म्हणाली. "आणि त्या डॉक्टरला काय सांगायचं ते मी थोरलीला सांगते."

"अहो, पण सीट कुजेल. ओल धरते इथं."

"माहीत आहे."

डिकीत नवऱ्याच्या फडक्यांची चळत होती, धुऊन, चौकोनी घड्या घालून ठेवलेली. मिस्त्रीने पहिल्या दिवशीच ती दाखवली होती आणि फेकायची का म्हणून विचारलं होतं.

"त्यातलं एक फडकं तेवढं इकडे द्या," तिने हात बाहेर काढला.