पाचशे मीटरचा भोंगा

नांगरलेल्या तेलवाहू जहाजाच्या पाचशे मीटर आत होडी शिरली, की आमच्या बंदराच्या नियंत्रण कक्षात भोंगा वाजतो. जहाजाच्या सावलीत मासळी जमते, म्हणून होडीवाले घुसतातच. कितीही कानीकपाळी ओरडा, पालथ्या घड्यावर पाणी! दिवसातून चाळीसदा ऐकून कान किटायचे, म्हणून आम्ही सगळेच भोंगा बंद ठेवायचो.

गेल्या महिन्यात भरदुपारी एका जहाजाने नांगर उचलला, पाण्याखालचा पंखा फिरला आणि रडारच्या पडद्यावरचा एका होडीचा ठिपका नाहीसा झाला. मी तेव्हा चहा ओतून घेत होतो. त्या होडीत माझा मेहुणा होता.

बायकोने एकदाच विचारलं, "तुमचा भोंगा वाजला नव्हता का हो?"

"वाजला होता. मी रेडिओवर ओरडलोही. त्यानेच ऐकलं नाही."

"लहानपणापासून तसाच. कुणाचं ऐकेल तर शपथ," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

आज पुन्हा कामावर गेलो. कुणीतरी भोंगा चालू करून ठेवला होता. अर्ध्या तासात तो तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी हात लांब करून बटण दाबलं.

खोली शांत झाली. बरं वाटलं.