गिरिजाबाईंचा दुसरा फॉर्म

आपल्याला उत्तम पोहता येतं, ही गोष्ट गिरिजाबाईंना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एका कागदावरून कळली.

नव्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. त्यांची मुलगी संजना फ्लोरिडात एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती. तिने आईबापांना डिसेंबरात बोलावलं होतं आणि कॅरिबियन समुद्रात सात दिवस फिरवणाऱ्या एका मोठ्या जहाजाची तिकिटं काढली होती. वाटेतल्या एका बेटापाशी वाळूच्या उथळ पट्टीवर पाकट मासे माणसांच्या पायांशी येऊन फिरतात, असं तिने फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून गिरिजाबाईंना दुसरं काही सुचेना.

त्याला कारण होतं. त्यांचं माहेर गुहागरच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावर. वडील रापणीचा दोर ओढायला जायचे आणि वाट्याला येईल ती मासळी घरी आणायचे. जाळ्यात पाकट आला की पहिल्यांदा त्याची शेपूट तोडायची, कारण तिथल्या काट्याने माणूस आडवा होतो. गिरिजाबाईंनी लहानपणी पाहिले ते सगळे पाकट असे, शेपूट तुटलेले, वाळूत उताणे पडलेले, पांढऱ्या पोटावर हसल्यासारखं तोंड. जिवंत पाकट चालतो कसा हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. समुद्र दाराशी, पण बायका पाण्यात उतरायच्या त्या गुडघ्यापर्यंतच.

जहाजवाल्यांची स्वतःची सहल केव्हाच भरून गेली होती. म्हणून संजनाने बेटावरचाच एक बोटवाला शोधला. दोन बोटींचा धनी, आपल्या जबाबदारीवर माणसं नेणारा. त्याचा नियम एवढाच, की प्रत्येक पाहुण्याने आपला फॉर्म भरून, सही करून फॅक्सने पाठवायचा.

आता दुबईत माणूस आजारी पडला की डॉक्टरकडे जातो, आणि कागद आला की टायपिंग सेंटरला जातो. गिरिजाबाईंचे यजमान भिकाजी हे बर दुबई भागातल्या एका हार्डवेअर कंपनीत तेवीस वर्षं स्टोअरकीपर. इतक्या वर्षांत त्यांनी एकही अर्ज स्वतः भरला नव्हता. त्यांनी दोन्ही कोऱ्या फॉर्मांवर खाली सह्या करून घेतल्या आणि कागद देवळाच्या गल्लीमागे तय्यबच्या दुकानात नेऊन दिले. हा तय्यब हैदराबादचा, वीस वर्षं व्हिसाचे अर्ज टाइप करत आलेला. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज परत येत नाही, हे त्याच्या बोटांना पाठ झालेलं. त्याने त्याच हाताने हाही फॉर्म भरला आणि फॅक्स केला.

चार दिवसांनी बोटवाल्याचं उत्तर आलं. जागा पक्की झाली होती. सोबत भरलेल्या फॉर्मांची प्रत होती. भिकाजींनी ती टीव्हीवर ठेवली. दुपारी कामं आटोपल्यावर गिरिजाबाई ती घेऊन बसल्या आणि शब्दाखाली बोट धरून वाचू लागल्या.

पोहता येतं का? होय, उत्तम. चष्मा आणि श्वासाची नळी लावून कधी पाण्यात गेला आहात का? होय. कुठे शिकलात, कुणाकडे? दुबई, स्विमिंग क्लब. काही दुखणं? नाही. आणि खाली गिरिजाबाईंची स्वतःची सही. बोटवाल्याने पुढे लिहिलं होतं, की सगळे पाहुणे चांगले पोहणारे असल्यामुळे बोट आधी दोन पुरुष खोल पाण्यात प्रवाळांपाशी थांबेल, आणि वाळूच्या पट्टीवर मागाहून जाईल.

संध्याकाळी भिकाजी घरी आले तर चहाच्या आधी कागद पुढे आला. भिकाजी हसले. फॉर्म असेच भरतात म्हणाले. तय्यबला गाठलं तर तो म्हणाला, "चाची, फॉर्म पास होना मंगता. 'नो' लिखा तो कौन पास करेगा?" संजनाला फोन लावला. "आई, इट्स ओन्ली अ फॉर्म. लाइफ जॅकेट देतात." आणि खरं लिहून कळवलं तर बोटवाला कदाचित नावच काढून टाकील, हेही तिने वर सांगितलं.

तिघंही मायेनेच बोलत होते. गिरिजाबाईंना तेच टोचलं. भिकाजी पहिली बारा वर्षं एकटे दुबईत होते तेव्हा त्यांची पत्रं शेजारचे मास्तर वाचून दाखवायचे. एका वर्षी भिकाजींना कावीळ झाली, तीन महिने इस्पितळात होते, आणि त्यांनी तसं लिहिलंही होतं. मास्तरांनी तेवढं गाळून बाकीचं वाचलं. बाईमाणूस, उगाच जिवाला घोर. माणूस सुट्टीवर आला तो अर्धा होऊन आला. त्याच महिन्यात गिरिजाबाईंनी संजनाची पाटी ओढून घेतली आणि छत्तिसाव्या वर्षी अक्षरं गिरवायला बसल्या. पुढे दुबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या वाचत वाचत इंग्रजीही थोडंफार केलं. कागदावर आहे ते खरं असलं पाहिजे, नाहीतर वाचायला शिकून मिळवलं काय?

नाव काढून टाकलं तर पाकट गेले. नाव ठेवलं तर खोटी सही राहिली. गिरिजाबाईंनी तिसरी वाट धरली. लिहिलंय ना, मग तेवढं शिकायचं. हातात आठ शुक्रवार होते.

शिकवायला कोण? तर उम्म अल कुवैनची ताजबी. तिचा नवरा हनीफ आणि भिकाजी एकाच साली एकाच जहाजाने आलेले. हनीफ एका अरबाच्या लाँचवर होता. ती माणसं तारेचे मोठे पिंजरे समुद्रात सोडून मासे धरतात. पिंजरा अडकला तर खाली पाहायला म्हणून त्याच्याकडे चष्मा आणि नळी होती. ताजबी दाभोळच्या खाडीत तिसऱ्या वेचत वाढलेली, पाण्यात मासळीसारखी. अक्षराशी मात्र तिचा कधी संबंध आला नव्हता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्या शुक्रवारी पाण्याला हातसुद्धा लावू दिला नाही. चष्मा आणि नळी पिशवीत घालून दिली आणि म्हणाली, "घरी जा न् परातीत तोंड घालून बस. शंभर श्वास झाले की ये."

मग बर दुबईतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात रोज दुपारी परात पाण्याने भरायची, तळाशी एक वेलदोडा टाकायचा, आणि गिरिजाबाईंनी पदर खोचून, चष्मा लावून, ओणवं होऊन त्या वेलदोड्याकडे पाहत श्वास मोजायचे. एकदा भिकाजी मधल्या सुट्टीत जेवायला आले आणि दारातच थबकले. काय चाललंय म्हणून विचारलं तर नळीतून नुसतं घुं घुं झालं. "तेवीस वर्षांत या गावात पुष्कळ पाहिलं," ते म्हणाले, "हे राहिलं होतं." आणि आपलं ताट आपणच वाढून घेतलं.

दुसऱ्या शुक्रवारपासून पहाटे अब्राने, म्हणजे तिथल्या लाकडी होडीने, खाडी ओलांडून देऱ्याला यायचं, तिथून शेअर टॅक्सी. उम्म अल कुवैनला तिवरांच्या आत, जिथे पाणी संथ आणि कमरेइतकं, तिथे दोघी सलवार कमीज घालून उतरायच्या. भिकाजी आणि हनीफ काठावर पाठ करून चहा पीत बसायचे. ताजबीने आपली ओढणी गिरिजाबाईंच्या कमरेला बांधली आणि टोक हातात धरलं.

"म्हशीला धुवायला नेतेस की काय?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"म्हैस बरी गो, भाभी. ती पाण्यात अशी ओरडत नाही."

आणखी एक गोष्ट ताजबीने पाण्यात उतरल्याच्या पहिल्याच दिवशी घोटवून घेतली. वाळूत चालताना पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. पाकट वाळू अंगावर ओढून पडलेला असतो. पाय घासत गेला की त्याला आधी कळतं आणि तो वाट देतो. पाऊल वरून पडलं की मग तो तरी काय करील.

दिवाळी त्यातच आली आणि गेली. गिरिजाबाई पुष्कळ खारं पाणी प्यायल्या. एकदा रडूही आलं, पण चष्म्यात कुणाला दिसलं नाही. सहाव्या शुक्रवारी त्या पालथ्या तरंगून पाय मारत पंधरा हात गेल्या आणि ओढणी सैल राहिली. काठावर येऊन त्यांनी विचारलं, आता मला पोहता येतं म्हणायचं का? ताजबीने प्रामाणिकपणे विचार केला. "पोहतेस असं नाही म्हणवत," ती म्हणाली. "बुडत नाहीस, म्हणू."

सातव्या शुक्रवारी वारा अजिबात नव्हता. गिरिजाबाई तोंड खाली घालून तरंगत होत्या आणि ताजबी बाजूला पाय घासत चालत होती. तिच्या पावलापुढे हातभर अंतरावर वाळू थरथरली. तळाचा एक तुकडा उठल्यासारखा झाला. त्यावरची वाळू दोन्ही बाजूंनी गळून पडली, आणि खाकी रंगाचा, सुपाएवढा पाकट, दोन्ही कडा हळू हलवत, वाळत घातलेलं लुगडं वाऱ्याने हलावं तसा गिरिजाबाईंच्या खालून निघून गेला. शेपूट होती. सबंध, सरळ, मागे लांबत गेलेली.

त्या उभ्या राहिल्या तेव्हा तोंडातून नळी काढायचंही त्यांना भान नव्हतं. ताजबीने ती काढली. "घाबरलीस?" गिरिजाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. म्हणाल्या, "बाबांना दाखवायला हवा होता."

टॅक्सीत त्यांनी मनाशी हिशेब मांडला. जे पाहायला सातासमुद्रापलीकडे जायचं ते घरापासून तासाभरावर पाहून झालं होतं. आता नाव कापलं गेलं तरी हातचं काही जाणार नव्हतं. मग खोटं कशाला ठेवायचं? दुसऱ्या दिवशी त्या तय्यबच्या दुकानात गेल्या आणि कोरा फॉर्म मागितला. तय्यब टाइपरायटरकडे वळला, तर त्यांनी पेन मागितलं. भिकाजी कुरकुरले, पुन्हा फॅक्सचे पंधरा दिरहम, म्हणजे पावणेदोनशे रुपये. पण ते खुर्ची ओढून शेजारी बसले.

पाऊण तास लागला. पोहता येतं का, याच्यापुढे दोनच चौकटी होत्या. गिरिजाबाईंनी दोन्ही सोडल्या आणि बाजूच्या कोऱ्या जागेत आपल्या इंग्रजीत लिहिलं: मी बुडत नाही. मी लांब जात नाही. नळीपुढे होय. दुखण्यापुढे उजवा गुडघा. आणि कुठे शिकलात, कुणाकडे, याच्यापुढे एकेक अक्षर सुटं सुटं काढत लिहिलं: ताजबी, उम्म अल कुवैन. आधीचा फॉर्म चुकीचा होता, तो फाडावा, असंही खाली जोडलं. मग सही केली. सगळ्यात शेवटी.

दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी तय्यब स्वतः कागद घेऊन जिना चढून आला. बोटवाल्याने लिहिलं होतं, की दहांतले नऊजण होय लिहितात आणि खरं काय ते मला पाण्यात कळतं. तुम्ही कळवलंत, आभारी आहे. आधी वाळूची पट्टी घेऊ, प्रवाळांपाशी तुम्हाला बोटीला बांधलेलं तरंगतं कडं धरायला देऊ. आणि शेवटी विचारलं होतं, ताजबी ही शाळा मला ठाऊक नाही, चांगली आहे का? तय्यबने तो कागद दोनदा वाचून दाखवला. "चाची," तो म्हणाला, "बीस साल में 'नो' वाला फॉर्म पहली बार पास हुआ." गिरिजाबाईंनी त्याला बसवून घेतलं आणि पोहे केले.

डिसेंबरात सगळं ठरल्यासारखं झालं. ते बेट, ते निळं पाणी, आणि ते मोठाले पाकट, चटईएवढे, माणसाच्या हातचं खायला सरावलेले. बाकीची माणसं किंचाळत पाय उचलत होती. गिरिजाबाई आणि त्यांच्यामागून भिकाजी वाळूत पाय घासत चालत होते, आणि बोटवाला इतरांना त्यांच्याकडे बोट दाखवून, असं चाला, म्हणून सांगत होता.

जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी त्या उम्म अल कुवैनला गेल्या. ताजबीसाठी नवी ओढणी होती, तिथल्या शंखांची माळ होती. ताजबीने विचारलं, तिकडचे पाकट मोठे का? मोठे, गिरिजाबाई म्हणाल्या, पण ते आमची वाट बघत होते. इथला आपल्या कामाला चालला होता. मग त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि बोट ठेवलं.

"हे काय?"

"तुझं नाव. मी लिहिलंय. त्या बेटावर त्या माणसाने फायलीत ठेवलंय."

ताजबीने हात ओढणीला पुसले आणि गिरिजाबाईंच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. अक्षराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते हळू फिरवलं, वाळूतून पाय घासत न्यावा तसं.

"एवढंसंच आहे?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं लांब असेल."

मग आत जाऊन तिने परात आणली, पालथी करून समोर ठेवली, आणि म्हणाली, पेन दे.