सात मोजून एक टाचणी

ताईच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात एक लाकडी खोकं होतं. झग्याची खालची कड सारखी करायची असली की गिऱ्हाइकाने त्या खोक्यावर ताठ उभं राहायचं, आणि ताईने खाली बसून, तोंडात टाचण्या धरून, कडेकडेने सरकत एक पूर्ण फेरी मारायची. खोक्यावर चढलेलं माणूस कितीही मोठं असो, त्याची हालचाल बंद. ताई आधीच बजावून ठेवायची, "हलाल तर टोचेल. मग माझ्या नावानं ओरडायचं नाही."

आज खोक्यावर तिची धाकटी बहीण उभी होती. वय वर्षं अडतीस, पण घरात तिला अजून सगळे बारकीच म्हणत. बारकी गाणी करायची. कुठल्या कंपनीसाठी नाही, कुठल्या सिनेमासाठी नाही. आपली आपण लिहायची, आपण चाल लावायची, आपणच गायची. पॉपच म्हणायचं, पण जरा आडवाटेचं. ऐकणाऱ्याने मान डोलवायला सुरुवात करावी आणि गाण्याने तेवढ्यात कूस बदलावी, असलं. रेडिओवाले म्हणत, "छान आहे हो, पण आम्ही हे बसवायचं कुठे?"

पहिली बारा वर्षं अशीच गेली. खिडकीला गोधड्या टांगून खोलीतच रेकॉर्डिंग करायचं. एका गाण्यात शेजारचं कुत्रं भुंकलं, ते काढता येईना, तेव्हा तिने ते तसंच ठेवलं आणि म्हणाली, मुद्दाम घेतलंय. कार्यक्रमाला वीस माणसं आली की त्यातली सहा वाजवणाऱ्यांच्या घरची. तारा तिनेच जोडायच्या, दाराशी टेबल तिनेच मांडायचं, आणि शेवटी खुर्च्याही तिनेच उचलायच्या.

मग दोन वर्षांपूर्वी 'चुकलेली पायरी' हे गाणं आलं आणि गाजलं.

त्या गाण्याच्या ध्रुवपदात शब्दच नाहीत. मिटल्या ओठांनी गुणगुणलेले सात सूर, आणि मग एक रिकामी जागा. पुन्हा सात सूर, पुन्हा रिकामी जागा. लोक त्या जागेवर खुळावले. कार्यक्रमात सगळी माणसं श्वास धरून थांबत आणि नेमक्या त्या जागेवर एक टाळी देत. ही जागा सुचली कशी, असं जो तो विचारी. बारकी सांगे, "जिन्यावरून उतरताना एकदा पायरी चुकले. पोटात गोळा आला ना, तो गोळा म्हणजे ही जागा."

खरी गोष्ट अशी होती की ही जागा टाचणीची होती.

ताईने ती चाल वीस-बावीस वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून केली होती. तोंडात टाचण्या, म्हणून ओठ मिटलेले. सात सूर गुणगुणेपर्यंत कापड बोटांतून जितकं सरकेल, तितक्या अंतरावर पुढची टाचणी. टाचणी ओठांतून काढायची तर गुणगुणणं थांबवावंच लागे. थांबली, टोचली, पुन्हा सुरू. त्यामुळे ताईची कड कशी रेघेत यायची! पट्टी लावून पाहा, दोराभर फरक सापडायचा नाही.

गाण्याला ठेका हवा म्हणून बारकी एकदा फोन घेऊन दुकानात आली होती, शिलाई मशीनची खडखड टिपायला. मशीनबरोबर ताईचं गुणगुणणंही आलं. घरी जाऊन तिने मशीनचा आवाज ठेवला आणि ताईचा काढून टाकला. मग तेच सात सूर स्वतः गायली. केला तो एकच बदल: चौथा सूर ताई हळूच खाली उतरवायची, तो हिने वर नेला. पुढे कधी मनाला टोचणी लागली की ती स्वतःला समजवायची, चौथा सूर माझा आहे ना, मग झालं तर.

गाण्याखाली नावं लिहायची वेळ आली तेव्हा तिने लिहिलं, 'शब्द, चाल, गायन' आणि पुढे आपलं नाव. शेवटी गंमत म्हणून एक ओळ घातली, 'सोबत: शिलाई मशीन'.

पहिल्या मुलाखतीत त्या जागेबद्दल विचारलं, तेव्हा ताईचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण बारा वर्षांत लोकांना तिची एकच गोष्ट मनापासून आवडली होती, आणि तीच नेमकी तिची नव्हती. हे चारचौघांत कसं सांगायचं? तोंडातून पायरी निघाली. दुसऱ्या मुलाखतीत तीच पायरी जास्त सफाईने निघाली. दहाव्या मुलाखतीपर्यंत तर तिला तो जिना डोळ्यांसमोर दिसायला लागला होता.

ताईला तिने एकाही कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं. आज आली तीही नाइलाजानेच. रविवारी दुपारी मोठ्या सभागृहात कार्यक्रम होता, झगा लांब होत होता, आणि दुसरीकडे टाकला असता तर ताईला कळल्यावाचून राहिलं नसतं. येताना रस्ताभर तिच्या मनात एकच धास्ती होती: ताई खाली बसेल, गुणगुणायला लागेल, आणि आपल्याला वरून ते ऐकत उभं राहावं लागेल.

ताई खाली बसली. तोंडात टाचण्या धरल्या. आणि गुणगुणलीच नाही.

बारकीने वाट पाहिली. मान न हलवता तिने डोळे खाली वळवले. ताईच्या हातात पत्र्याची पट्टी होती. प्रत्येक टाचणीआधी ती पट्टी लावत होती, खडूने खूण करत होती, डोळे बारीक करून पाहत होती, आणि तरीही एक टाचणी काढून तिने पुन्हा टोचली. ताईच्या हाताला एखादी टाचणी दोनदा टोचावी लागलेली बारकीने जन्मात पाहिली नव्हती.

"ताई, पट्टी कधीपासून गं?"

ताईने नुसते खांदे उडवले. तोंडात टाचण्या होत्या.

हे आपल्या गाण्यामुळे तर नसेल ना, असं बारकीच्या मनात आलं. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की बोलायचं तर आत्ताच. ताईला उत्तर देता येणार नाही, आपल्याला पळता येणार नाही. यातला पहिला भाग तिला जास्त सोयीचा वाटला, हे तिला नंतर आठवायचं तेव्हा फार लाज वाटायची.

"ताई, ते माझं गाणं आहे ना... त्यातली गुणगुण तुझी आहे. तुझी टाचण्यांची. मी घेतली. विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि वर लोकांना खोटं सांगत फिरले."

ताईची पट्टी थांबली. मग पुढे सरकली. खूण केली. टाचणी टोचली. अशा तीन टाचण्या झाल्या. मग तिने तोंडातल्या उरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. घाई कसलीच नव्हती. बारकीला वाटलं, ताईने शिव्या द्याव्यात, म्हणजे हा प्रकार एकदाचा आटपेल.

"कुठला जिना गं?" ताईने विचारलं.

"काय?"

"माझ्या पोरीने मला तुझी मुलाखत दाखवली. जिन्यावरून उतरताना म्हणे. आपलं घर तळमजल्यावर, तुझी खोली तळमजल्यावर. मी मशीनवर बसून दोन दिवस विचार करतेय, ही बया पडली कुठल्या जिन्यावरून!"

बारकीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले.

"हसू नकोस, टोचेल," ताई म्हणाली. "चालीचं मला काही नाही. मागितली असतीस तर दिली असती, वर चहा पाजला असता. पण तू मशीनचं नाव घातलंस, बारके. मशीनचं! पोरीने वाचून दाखवलं. सोबत, शिलाई मशीन. त्याच्यापुढे बसणारं माणूस तुला दिसलं नाही?"

बारकीची नजर मशीनकडे गेली.

"आणि गुणगुणणं थांबलं ते कशानं, सांगू? मागच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. याच खोक्यावर उभं. मी आपली खाली बसून माझं म्हणतेय. तर ती बाई म्हणते, अय्या, तुम्हीपण बहिणीचं गाणं म्हणता! कौतुकाने म्हणाली हो. पण मला असं झालं की दुसऱ्याच्या ताटात हात घातला आणि कुणी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून सूरच निघेना. मग आणली पट्टी." तिने पट्टी उचलून पाहिली. "मेली नीट मोजतच नाही."

तिने पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या आणि राहिलेली फेरी पूर्ण केली.

घरी जाऊन बारकीने पहिलं काम केलं ते गाण्याखालची नावं बदलायचं. 'चाल' या शब्दापुढे ताईचं पूर्ण नाव लिहिलं. मशीनची ओळ पुसली. रविवारी सभागृहात, गाणं सुरू करण्याआधी, तिने सगळं सांगितलं. टाचण्या सांगितल्या, खोकं सांगितलं, पायरी खोटी होती हेही सांगितलं. लोक गप्प झाले तर, कुणी उठून गेलं तर, तेही सोसायचं असं ठरवूनच ती उभी होती.

पण लोक खूश झाले. मोठ्याने टाळ्या झाल्या. गाणं सुरू झालं, रिकामी जागा आली, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळीऐवजी दोन बोटांनी ओठांतून टाचणी काढल्यासारखं केलं. दुसऱ्या जागेला अर्ध्या सभागृहाने केलं. तिसऱ्या जागेला सगळ्यांनी.

"काय रंगलं गं!" ड्रम वाजवणारा आत आल्यावर म्हणाला. "हे बहिणीचं दरवेळी सांग. त्या पायरीपेक्षा कितीतरी भारी आहे."

बारकी खुर्चीवर बसली. कबुली द्यायला गेली होती, आणि तिचीही वाहवाच पदरात पडली होती. मान खाली गेली तेव्हा झग्याची कड नजरेस पडली. डाव्या बाजूला ती बोटभर उतरली होती. ताईच्या हातची कड, आणि उतरलेली.

सोमवारी सकाळी दुकान उघडताना ताईला ती पायरीवर बसलेली दिसली.

"सापडली वाटतं पायरी," ताई म्हणाली. "ऊठ, शटर वर करू दे."

आत गेल्यावर बारकीने विचारलं, "कालचं पाहिलंस?"

"पोरीने दाखवलं. बरं बोललीस. सगळे ते टाचण्या काय काढत होते, वेडे कुठले!" ताईला ते आवडलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"मग आता म्हणशील ना, ताई? आता तर सगळ्यांना माहीत झालंय."

ताईने टेबलावरचा परकर ओढला, टाचण्या तोंडात धरल्या, कड बोटांत घेतली. एक, दोन, तीन सूर आले. चौथा वर गेला. ताई थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चौथा पुन्हा वर गेला. तिने टाचण्या काढून हातात घेतल्या.

"तुझंच येतंय तोंडात," ती म्हणाली. रागाने नाही, एखादी वस्तू जागेवर नसावी तशी. "दुकानाबाहेर तेच, पोरीच्या फोनवर तेच. माझं कसं होतं गं? चौथ्याला मी खाली यायचे ना?"

"हो."

"कितपत खाली? म्हणून दाखव."

बारकीने ओठ मिटले. दोन वर्षं शेकडो लोकांपुढे तिने तो सूर वर नेला होता. आता खाली आणायला गेली, तर आला तो कुठलातरी तिसराच. ताईने मान हलवली. बारकीने फोन काढला, जुन्या फाइली चाळल्या. त्या दिवशी दुकानात टिपलेलं सापडलं, पण साफ केल्यानंतरचं. ताईचा आवाज काढून टाकल्यावर मूळची नक्कल ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. फोनमधून मशीन तेवढं खडखडलं, आणि दुकानात दोघी ते ऐकत बसल्या.

"बंद कर," ताई म्हणाली. "ते इथे आहेच."

तिने पट्टीकडे हात नेला. बारकीने तिच्याआधी पट्टी उचलली आणि मागे ठेवून दिली. मग ती खाली, ताईच्या शेजारी बसली.

"मी मोजते. तू टोच."

ताईने टाचण्या ओठांत धरल्या.

"एक, दोन, तीन," बारकी मोजू लागली, शाळेतल्या मुलीसारखी, चालीविना. "चार..." तिथे तिचा आवाज सवयीने वर जायला निघाला. तिने तो दाबून सपाट ठेवला. "पाच, सहा, सात." ताईने टाचणी टोचली.

"एक, दोन, तीन." पुन्हा चार आलं. पुन्हा तिने आवाज धरून ठेवला. चौथ्याला काय करायचं ते ताई ठरवेल, आज नाही तर केव्हातरी. परकराची कड अजून बरीच उरली होती.