गव्हाणीतून उत्तराच्या ओटीत

आमच्या उत्तराच्या लग्नाला चौदा वर्षं झाली आणि राजीवला दुसरं मूल झालं, मुलगा, ते वर्ष १९९७. त्याच वर्षी आम्ही दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. तेव्हा रिक्षावाले द्वारका म्हणत नसत, पप्पनकलाँ म्हणत, आणि तिथे यायला नाही म्हणत.

उत्तरा माझी थोरली, राजीव धाकटा. उत्तरा गुडगावला राहायची. तिचे यजमान पुष्कर एका परदेशी कंपनीत होते, काचेच्या इमारतीत. घरात सगळं होतं. मूल नव्हतं. चार वेळा राहिलं आणि गेलं. चौथ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, आता नको.

नाताळाच्या दिवशी फराळाआधी घरातल्या मोठ्या बाईने प्रार्थना करायची, ही आमच्याकडची रीत. मी दर वर्षी मोठ्याने म्हणायचे, ‘प्रभू, माझ्या उत्तराची ओटी भर.’ सगळे आमेन म्हणायचे. उत्तरा खाली बघायची. राजीवची बायको विनया, लग्न होऊन आल्यापासून सात नाताळ हे ऐकत होती. मला अक्षरं तिनेच शिकवली, माझी पंचावन्न उलटल्यावर. त्याआधी मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नुसतं कानाने ऐकत आले होते.

दिल्लीत आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान, चाळीसेक घरं. नाताळाच्या दुपारी सरोजिनी नगरच्या समाज सदनात उपासना आणि येशूजन्माची नाटिका व्हायची. नाटिकेत बाहुली चालत नसे. मंडळीतलं त्या वर्षीचं सगळ्यांत लहान बाळ गव्हाणीत ठेवायचं. त्या घराला तो मोठा मान वाटायचा. त्या वर्षी तो मान आमच्याकडे आला. राजीवचा आशय सहा आठवड्यांचा होता.

नाटिका माझे यजमान अण्णासाहेब बसवायचे. त्या दिवशी त्यांचा मंडळीतल्या तात्यारावांशी वाद चालला होता. तात्याराव योसेफ झाले होते.

“तात्या, ती माकडटोपी काढा. बेथलेहेमात माकडटोपी नव्हती.”

“थंडी होती की नाही? मग टोपी असणारच.”

“मेंढपाळ हसतायत हो तुम्हाला.”

“हसू दे. माझे कान माझ्याबरोबरच स्वर्गात जायचेत.”

माझी नात मयुरा, आशयची बहीण, पाच वर्षांची. ती मला विचारत होती, “आजी, गव्हाण म्हणजे क्या?” मी सांगितलं, गाईगुरांना चारा घालायची जागा. ती म्हणाली, “फिर भैया को गाय खाएगी?” मागच्या रांगेपर्यंत हसू गेलं.

आशय गवतावर शांत निजला होता. शेवटचं गीत सुरू झालं की बाळाच्या आईने पुढे जाऊन बाळ उचलायचं आणि जागेवर यायचं, असं ठरलेलं असायचं. विनया उठली. बाळ उचललं. पण ती आपल्या जागेवर आली नाही. तिसऱ्या रांगेत उत्तरा बसली होती, तिच्यापुढे ती वाकली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

म्हणाली, “ताई, हा तुमचा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, नणंदेला मान देते आहे. अण्णासाहेब स्टेजवरून म्हणाले, “वा! हे नवीन आहे. पुढच्या वर्षीही ठेवू.”

उत्तरा हसत नव्हती. पुष्कर उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. चहाच्या गडबडीत ते दोघं कधी निघाले ते मला कळलं नाही.

घरी आलो. विनयाने करंज्या आणि चकल्या ताटात मांडल्या. मी विचारलं, “बाळ कुठे?”

“ताईंकडे.”

“आणायला कोण जाणार? दूध पाजायची वेळ झाली.”

“आणायचं नाही, आई. त्याला ताईंना दिलंय.”

मला आधी कळलंच नाही. मी राजीवकडे पाहिलं. तो करंजीचे तुकडे करत होता, खात नव्हता.

“तुला माहीत होतं?”

“हो. ऑगस्टपासून.”

अण्णासाहेब म्हणाले, “अरे, मांजरीचं पिल्लू आहे का ते? शुद्धीत आहात का दोघं?”

“बिल्कुल शुद्धीत आहोत, अण्णा,” राजीव म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. आई आहेस की कोण, इतपत बोलले. विनयाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्हीच मागत होतात ना, आई? दर वर्षी?”

“मी देवाकडे मागत होते! तुझ्याकडे नाही!”

“मग देव आणखी कुठून देणार होता?”

तेवढ्यात तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग दिसले. दूध आलं होतं. ती ताट ठेवून आत गेली. राजीव मागे गेला. दार अर्धं उघडं होतं. दूध आटावं म्हणून ती छातीला ओढणी गुंडाळत होती आणि तो दोन्ही टोकं धरून घट्ट आवळत होता. ती म्हणत होती, “अजून. अजून ओढ.” दोघं रडत होते आणि आवाज करत नव्हते, मयुरा बाहेर होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेब मला म्हणाले, “ख्रिस्ती लोकांना दत्तकाचा कायदा नाही. कोर्ट फार तर पालक नेमतं. कागद झालेला नाही, होणारही नाही. जा, आपलं पोर घेऊन ये.” मी बाळाची दुलई घेतली आणि दोन बस बदलून एकटी गुडगावला गेले.

दार उत्तराने उघडलं. माझ्या हातातली दुलई तिने पाहिली. आत पुष्कर ऑफिसला न जाता बसले होते, छातीवर आशयला घेऊन. हलत नव्हते. गॅसवर पातेल्यात दुधाची बाटली उकळत होती.

“वहिनीने पाठवलं?” उत्तराने विचारलं.

“नाही. मी आले.”

ती भांडेल अशा तयारीने मी गेले होते. तिने कपाटातून झबली काढली आणि पिशवीत भरू लागली. “ने, आई. काल त्याला झोप लागली तरी मी त्याला नीट जवळ घेतलं नाही. म्हटलं, सवय लागेल. कागद नाही, मला माहीत आहे. कोणीही, कधीही येऊन नेईल.” मग तिनेच पुष्करांच्या छातीवरून आशयला उचललं आणि माझ्या हातात दिलं.

मी त्याला घेऊन दारापर्यंत आले. उत्तरा मागे उभी होती, पिशवी पुढे धरून. मी चौदा वर्षं जे मागितलं ते माझ्या हातात होतं, आणि मी ते तिच्या घरातून उचलून चालले होते.

पासष्ट नाताळ मी घेणाऱ्याच्या बाजूने केले. आम्हाला तारणारा मिळाला, दान मिळालं, आनंद करा. मोल द्यावं लागलं नाही, म्हणून त्याला दान म्हणतात, हे मी मंडळीतल्या बायकांना शिकवत असे. ज्या देवाने आपला मुलगा दिला त्याला त्या दिवशी कसं झालं असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. काल ते माझ्याच घरात, अर्ध्या उघड्या दारातून मी पाहिलं होतं. आणि मी निघाले होते ते परत घ्यायला. दिलं दुसरीने, परत घेणारी मी कोण?

मी आशयला उत्तराच्या हातात दिलं. म्हटलं, “जवळ घे. सवय लागू दे.” ती मटकन खाली बसली. पुष्कर हुंदके देऊन रडायला लागले, इतका मोठा माणूस.

घरी विनया दारातच होती. आधी तिने माझे हात पाहिले. रिकामे होते. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिने फक्त विचारलं, “दूध पितो?”

“दोन औंस प्यायला.”

“मग ठीक.”

त्यानंतर ती वर्षातून एकदा, त्याच्या वाढदिवसाला जायची आणि पाहुण्यासारखी परत यायची. मी एकदा म्हटलं, जात जा की गं मधून मधून. ती म्हणाली, “नको, आई. दिलेलं सारखं बघायला गेलं की ते उसनं होतं.” अण्णासाहेबांनी तिला कधी क्षमा केली नाही, पण तिच्या हातचं जेवत राहिले.

विनया डेंग्यूने गेली, १९ ऑक्टोबर २००३ रोजी, दिल्लीत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. आशय तेव्हा सहा वर्षांचाही झाला नव्हता आणि तिला मामी म्हणत असे.