काका, रंग पातळ करा

मी भालेकरी बोलतोय. उंची म्हणाल तर तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. एका हातात भाला, दुसऱ्या हातात ढाल. मी टेबलावर मांडायच्या लढाईतला सैनिक आहे. दोन बाजूंना आमची सैन्यं मांडतात, फासे टाकतात, आणि ज्याचा फासा हरला त्याचा सैनिक उचलून बाजूला ठेवतात.

माझा जन्म नागपुरात झाला, जीवन नावाच्या तरुणाच्या थ्रीडी प्रिंटरमध्ये. आम्ही सगळे राखाडीच जन्मतो. रंग ज्याचा त्याने हाताने द्यायचा असतो. जीवनने आम्हाला बुटाच्या खोक्यात भरून आपल्या मित्राला दिलं. तो मनिष.

मनिष भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरचा. वडील राजकुमार कारखान्यात नोकरीला, राहायला क्वार्टर. मनिष रोज मोटारसायकलने वरठीचं स्टेशन गाठायचा आणि गाडीने नागपूरला नोकरीवर जायचा. रविवारी सुट्टी असली तरी पुन्हा नागपूरच, जीवन आणि मैत्रीण मेघासोबत हा खेळ खेळायला.

"एवढा मोठा घोडा झाला अन् बाहुल्या खेळून राहिला," राजकुमार म्हणायचे. मनिष नुसता हसायचा.

एका संध्याकाळी त्याने मला खोक्यातून उचललं. अवघड जागा आधी रंगवायची, ही त्याची सवय. माझ्या ढालीची मागची बाजू, जिथे कुंचला नीट पोचत नाही, तिथे त्याने निळा रंग दिला. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. "उद्या पाहू बे तुले," असं मला म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी वरठीच्या रस्त्यावर एका ट्रकने त्याला उडवलं.

त्यानंतर आमचं खोकं कपाटावर गेलं. घरात माणसं आली, रडली, तेरवी झाली, गेली. वर धूळ साचत राहिली. मग एका दुपारी ड्युटीवरून आलेल्या राजकुमारांनी कपडेही न बदलता खोकं खाली काढलं. का काढलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हाताला पहिला मी लागलो.

त्यांनी मनिषच्या रंगाच्या डब्या उघडल्या. निळी वाळून दगड झाली होती. लाल आणि सोनेरी ओली होती. घराचं फाटक रंगवावं तसा त्यांनी डबीतला घट्ट रंग माझ्यावर चढवला. माझं नाक गेलं, डोळे गेले. रंग ओघळून ढालीच्या मागे गेला आणि तिथला निळा झाकला गेला. मला ओरडावंसं वाटलं. पण आम्हाला तोंड असतं, आवाज नसतो.

त्यांची बायको ज्योत्सना जवळ येऊन वाकली. "अजी, याचं तोंड कुठं गेलं?"

"मले काय समजते त्यातलं? विचारतो त्याच्या दोस्तांले."

त्यांनी माझा फोटो काढला आणि मनिषच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मी नवीन आहे. कसा झाला ते सांगा.' लगेच उत्तरं आली. खूप सुंदर काका. मस्त काका. जोडलेले हात, लाल बदाम. राजकुमारांनी सगळी वाचली आणि मोबाईल पालथा ठेवला.

"पोट्टे माह्यावर दया करून राहिले," ते म्हणाले.

त्यांनी मेघाला फोन लावला. "मेघा बेटा, खरं सांग. मनिषच्या कामाले तुम्ही असंच छान छान म्हणत होते काय?"

"नाही काका. त्याची तर आम्ही खूप खेचत होतो."

"मंग माही बी खेच."

ती आधी चाचरली. मग बोलू लागली. "काका, रंग पातळ करा. दुधासारखा. एकदाच थापू नका, दोनदा लावा. याचा चेहरा पूर्ण बुजला आहे, आता वरून काही होणार नाही. मेडिकलमधून स्पिरिट आणा, त्यात बुडवून ठेवा आणि जुन्या ब्रशने घासून काढा. परत पहिल्यापासून करा."

राजकुमार प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत होते. मुलगा गेल्यापासून सगळे त्यांच्याशी दबक्या आवाजात बोलायचे. हिने त्यांना सरळ चूक दाखवली होती. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

स्पिरिट आलं. मी वाटीत बुडालो. त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने मला घासायला घेतलं. लाल निघाला, सोनेरी निघाला. मग ढालीच्या मागून निळा कपचा सुटला.

त्यांचा हात थांबला. त्यांनी वाळलेल्या डबीकडे पाहिलं. पुन्हा वाटीत पाहिलं.

"मनिषची आई, इकडं ये. मी निळा लावलाच नाही वं."

ज्योत्सना वाटीत पाहत खाली बसली. "त्या दिवशी त्याच्या बोटाले निळा लागला होता," ती म्हणाली. "तसाच जेवाले बसला. मी रागावली त्याले, आधी हात धू म्हणून."

राजकुमार कुंचल्याच्या टोकाने ते कण गोळा करू लागले. कण टोकाला लागायचे आणि विरघळायचे. थोड्या वेळाने वाटीत नुसतं गढूळ स्पिरिट उरलं.

बरेच दिवस त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही. मेघाने फोटो मागायला फोन केला, तेव्हा त्यांनी झालेलं सांगितलं. ती रडायला लागली. "काका, त्याने याला कुठे रंग लावला होता का, हे मी आधी विचारायला पाहिजे होतं."

"तू खरं सांगतलं, बेटा. म्याच नीट पाह्यलं नाही." मग त्यांनीच विचारलं, "आता तोंडाले कोणता रंग लावू?"

मग मी पुन्हा घडू लागलो. पातळ रंग, वाळू द्यायचा, परत पातळ रंग. दर आठवड्याला फोटो जायचा आणि चुका यायच्या. भाल्याचं टोक माखलं, पट्ट्याची रेघ वाकडी गेली. एकदा जीवनने लिहिलं, 'काका, याचा डोळा तिरपा झाला. दारू पिऊन लढाईला आलेला दिसतो.' राजकुमार मोठ्याने हसले. ज्योत्सना हातातली पोळी तशीच टाकून पाहायला आली. ढालीच्या मागे मात्र त्यांनी काहीच लावलं नाही.

आज रविवार. पोरांनी बोलावलं म्हणून ते मला घेऊन मनिष गेल्यानंतर वरठीच्या रस्त्याने पहिल्यांदाच गेले आणि नागपूरची गाडी धरली. मेघाने मला पहिल्या रांगेत उभं केलं. पहिल्याच फेरीत जीवनचा फासा भारी पडला.

"काका, तुमचा हा मेला," तो बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली.

राजकुमारांनीच मला उचललं. "मेलेला कुठं ठेवाचा असते?"

"बाजूला, काका," मेघा हळूच म्हणाली. "पुढच्या डावात परत येतो."

"परत येते?"

"हो."

त्यांनी मला बाजूला ठेवलं नाही. मुठीत धरलं.

आता गाडी वरठीकडे निघाली आहे आणि मी अजून त्या मुठीतच आहे. घामाने माझा रंग चिकट झाला आहे. राजकुमारभाऊ, मूठ सोडा. मी पुढच्या डावात उभा राहीन. तो राहणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तरी पुढच्या रविवारी या. खोक्यात अजून पुष्कळ जण राखाडी आहेत.